देवाचा कौल आणि माणसाचा हात

सोफोक्लीस या ग्रीक नाटककाराच्या एका शोकांतिकेला पु. ल. देशपांडे यांनी १९७९ साली 'राजा ओयदिपौस' या नावाने मराठी रूप दिले. आयुष्यभर महाराष्ट्राला हसविणाऱ्या लेखकाने जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वीचे, हसण्याला यत्किंचितही वाव नसलेले नाटक मराठीत आणावे, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. त्या नाटकातील राजा परका आहे, देव परके आहेत, नगरीही परकी आहे. परंतु त्यात विचारलेला प्रश्न मात्र परका नाही. घरातले तरुण माणूस अचानक गेले, मच्छीमाराची होडी परत आली नाही, पाळण्यातले मूल आजारपणात दगावले, की तोच प्रश्न आपल्याही उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. हे कोणी केले? देवाने, दैवाने की माणसाने?

अशा घरी सांत्वनाला गेले असता तीन वाक्ये हमखास कानांवर पडतात. 'त्याच्या नशिबातच होते.' 'कुठल्या पापाची ही शिक्षा?' आणि 'देवाची इच्छा!' बोलणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. तरीही ही वाक्ये खरी आहेत काय, ख्रिस्ती माणसाने ती बोलावीत काय, हे एकदा शांतपणे तपासले पाहिजे. ग्रीक शोकांतिका या तपासणीला फार उपयोगी पडतात; कारण त्या लिहिणाऱ्यांनी आपल्या देवांची अब्रू राखण्यासाठी माणसाचे दुःख कधी लपविले नाही.

या नाटकांचे प्रयोग इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात अथेन्स नगरीत होत. डायोनिसस या देवाच्या वसंतोत्सवात, ॲक्रोपोलिस टेकडीच्या उतारावर हजारो नागरिक ती पाहायला बसत. आपल्या कोकणात जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतार रंगतो, शिमग्यात नमनाचे खेळे उभे राहतात. म्हणून नाटक हा देवाच्या दारातला विधी असू शकतो, हे आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मात्र एक भेद लक्षात ठेवावा. ग्रीकांचे देव विश्वाचे निर्माते नव्हते. ते अमर होते, बलाढ्य होते आणि मानाचे भुकेले होते. माणसाने त्यांना भ्यावे, त्यांचा मान राखावा, त्यांची मर्जी सांभाळावी अशी अपेक्षा होती. त्यांनी माणसावर प्रेम करावे अशी अपेक्षा सहसा कोणी करीत नसे.

आता पहिले वाक्य घेऊ: 'नशिबातच होते.'

ओयदिपौसची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. थीब्ज नगरीच्या राजाला, लायसला, अपोलो देवाची वाणी मिळते की तुझा पुत्र तुझा वध करील. राजा नवजात बाळाच्या पायांचे घोटे टोचून त्याला डोंगरावर टाकून द्यायला सांगतो. गुराख्याला दया येते. मूल वाचते आणि कॉरिंथच्या राजाराणीच्या पोटच्या पोरासारखे वाढते. मोठेपणी तो डेल्फीच्या देवस्थानी जातो. तू बापाला मारशील व आईशी लग्न करशील, असे त्याला तेथे कळते. कॉरिंथचे राजाराणी हेच आपले मायबाप, असे समजून तो त्यांच्यापासून दूर पळतो आणि पळता पळता नेमका थीब्जच्या वाटेला लागतो. एका तिठ्यावर भांडण होऊन तो एका वृद्धाला ठार मारतो. तोच त्याचा पिता असतो. पुढे नगरीला संकटातून सोडविल्याबद्दल त्याला राज्य मिळते आणि विधवा राणीही. ती त्याची आई असते.

कोकणच्या वाचकाला डेल्फी फार दूरची वाटू नये. ग्रामदेवतेला कौल लावण्याची प्रथा आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या गावोगावी आहे. पाषाणाला लावलेली फुले वा कळे उजवीकडून पडले की डावीकडून, यावरून देवाचा होकार-नकार समजून घ्यायचा. आपण कौल लावीत नाही असे म्हणतो खरे. पण डोळे मिटून बायबल कुठेतरी उघडायचे आणि बोट पडेल त्या ओळीत मुलीच्या लग्नाचा निर्णय शोधायचा, हाही कौलच नव्हे काय? पुढचे आधी कळावे ही भूक सर्वांची एकच आहे.

परंतु सोफोक्लीसचे नाटक बारकाईने वाचले तर एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. अपोलो केवळ सांगतो, ढकलत नाही. तिठ्यावर काठी उगारणारा हात अपोलोचा नाही. बाळाला टाकून देण्याची आज्ञा अपोलोची नाही. वाणी खरी ठरते ती माणसांच्या भयातून, क्रोधातून, घाईतून; आणि नवल असे की गुराख्याच्या करुणेतून व ओयदिपौसच्या मातृपितृप्रेमातूनही. सत्य उघड झाल्यावर राजा स्वतःचे डोळे फोडून घेतो. कोणत्या देवाने तुला हे करायला लावले, असे वृंदातील वृद्ध विचारतात, तेव्हा तो जे उत्तर देतो त्याचा आशय असा, की ही दुःखे अपोलोने माझ्यावर आणली खरी, पण डोळ्यांवर पडलेला हात माझाच होता. दैवावर सर्व भार टाकून मोकळे होण्याची संधी समोर असताना हा माणूस ती नाकारतो. म्हणूनच तो आपल्याला दयनीय वाटतो, तसा थोरही वाटतो.

देवाला पुढचे ठाऊक असणे आणि देवाने ते घडविणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे ख्रिस्ती विचारवंतांनी फार पूर्वी स्पष्ट केले आहे. बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाने सहाव्या शतकात, मृत्युदंडाची वाट पाहत तुरुंगात लिहिलेल्या आपल्या ग्रंथात हा प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न केला. रस्त्याने चालणारा माणूस मला खिडकीतून दिसतो. माझ्या पाहण्यामुळे तो चालत नाही. देवाला तर आज आणि उद्या असे दोन दिवसच नाहीत. त्याच्या शाश्वत वर्तमानकाळात तो आपले स्वतंत्र निर्णय स्वतंत्र म्हणूनच पाहतो. तेव्हा 'नशिबात होते' हे वाक्य श्रद्धेचे नाही. त्या वाक्यात देवाला जागाच नाही.

या संदर्भात आपल्या रत्नागिरीच्या इतिहासातील एक विलक्षण योगायोग आठवतो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी पदच्युत करून १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवले. मंडालेचे सिंहासन गमावलेला हा राजा तीस वर्षे येथे राहिला आणि १९१६ साली येथेच वारला. १९१० साली त्याच्यासाठी बांधून झालेला राजवाडा आजही गावाच्या अंगावर उभा आहे. आणि १८५६ साली याच रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ या काळात थिबाच्याच मंडालेत बंदिवान होते. अशी अदलाबदल नाटकात घातली असती, तर प्रेक्षकांनी ती कृत्रिम म्हटली असती. टिळकांनी त्या तुरुंगात लिहिलेला 'गीतारहस्य' हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यांचे सर्व सिद्धान्त ख्रिस्ती माणसाला मान्य होतील असे नाही. पण कोणती कोठडी मिळावी हे त्यांच्या हाती नव्हते. कोठडीत बसून काय करावे हे होते. ओयदिपौसला जी मर्यादा कळली आणि जे स्वातंत्र्य कळले, ते हेच.

दुसरे वाक्य: 'कुठल्या पापाची ही शिक्षा?'

ओयदिपौसच्या नाटकाचा आरंभ महामारीने होतो. माणसे, गुरे, पिके मरत आहेत. कोणाच्या तरी पापाने नगरी विटाळली आहे, असे देवस्थान सांगते. संकट आले की अपराधी शोधायचा, ही वृत्ती तेव्हा होती तशी आजही आहे. आपल्या लोकांना महामारी अनोळखी नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा वांद्रे, गिरगाव या भागांतील कॅथोलिक वस्त्यांनी ठिकठिकाणी क्रूस उभारले. त्यांतले कित्येक अजून उभे आहेत आणि त्यांच्यापुढे मेणबत्त्या लागतात. त्या पूर्वजांच्या मनात भय होते, यात शंका नाही. पण भयाच्या वेळी त्यांनी जे चिन्ह निवडले त्यावर शिक्षा देणारा देव नाही, शिक्षा सोसणारा देव आहे. हा फरक लहान नाही.

प्रभू येशूपुढे हाच प्रश्न दोनदा आला. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय फेटाळले. दुसऱ्या वेळी शिलोह येथील बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांचा विषय निघाला. ते यरुशलेममधील इतरांपेक्षा अधिक पापी होते असे समजू नका, असे प्रभूने बजावले आणि लगेच ऐकणाऱ्यांना सांगितले की तुम्ही स्वतः पश्चात्ताप करा. मेलेल्यांचा हिशेब मांडू नका, जिवंतांनी आपला हिशेब पाहावा, असा त्याचा अर्थ आहे.

शिलोहचा बुरूज आपल्या जिल्ह्यातही कोसळला आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि खालच्या भेंदवाडीतील घरे माणसांसह वाहून गेली. धरणाला गळती असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. पुढे राज्याच्या एका मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे कारण सांगितले, तेव्हा लोकांचा संताप उसळला. तो संताप केवळ राजकीय नव्हता. जेथे माणसांनी उत्तर द्यायचे तेथे खेकड्यांना, पावसाला किंवा देवाला पुढे केले की मेलेल्यांचा दुसऱ्यांदा अपमान होतो, हे लोकांना आतून कळले होते. भेंदवाडीत झोपलेली माणसे कोणत्याही पापाची शिक्षा भोगत नव्हती. पाण्याला देवाने पाठविले नव्हते. प्रश्न विचारायचा तो भिंत कोणी बांधली, कोणी तपासली, तक्रार कोणी वाचली आणि वाचून कोणी बाजूला ठेवली, हा होता.

येथे ओयदिपौस आपल्याला खरा धडा देतो. राजा म्हणून तो चौकशीची आज्ञा देतो. चौकशी जसजशी पुढे सरकते तसतसा संशय त्याच्याकडेच वळतो. राणी जोकास्टा त्याला विनविते की आता थांब, अधिक विचारू नकोस. म्हातारा गुराखी तोंड उघडायला तयार नसतो. तरीही राजा थांबत नाही. स्वतःचा नाश समोर दिसत असताना सत्याचा पाठपुरावा करणारा असा चौकशी अधिकारी आपल्या सार्वजनिक जीवनात किती वेळा दिसतो? आपल्या कुटुंबात, आपल्या धर्मग्रामात तरी किती वेळा दिसतो? प्रायश्चित्त संस्कारापूर्वी आपण जे आत्मपरीक्षण करतो त्याचे मर्म हेच आहे. चौकशी माझ्यापर्यंत आली तरी मी ती बंद करणार नाही, अशी तयारी हवी. फरक इतकाच की ओयदिपौसला चौकशीच्या शेवटी अंधार भेटला. आपल्याला क्षमा करणारा पिता भेटतो.

तिसरे वाक्य सर्वांत कठीण: 'देवाची इच्छा.'

ईस्किलस याच्या 'अगामेम्नन' या नाटकातील वृद्धांचा वृंद दहा वर्षांपूर्वीची एक घटना सांगतो. ग्रीकांचे आरमार ट्रॉयवर निघाले असताना वारा प्रतिकूल होतो. आर्टेमिस देवी रुष्ट आहे. सेनापतीने आपली मुलगी इफिजिनिया हिचा बळी दिला तरच मार्ग खुला होईल, असे भविष्यवेत्ता सांगतो. अगामेम्नन तडफडतो, पण अखेर बळी देतो. देवीची मागणी होती हे खरे. परंतु युद्धाला जायलाच हवे, ही मागणी कोणाची होती? मोहीम सोडून तो घरी परतू शकत नव्हता काय? वृंद त्याला दोषमुक्त करीत नाही. एकदा का त्याने मनाने ते जू खांद्यावर घेतले, की त्याचे मनच पालटले, असे वृंद म्हणतो.

आपल्या बायबलमध्ये याच्या शेजारी ठेवण्यासारख्या दोन कथा आहेत. अब्राहामाचा सुरा देवाने वरच्यावर अडविला. मात्र शास्ते या पुस्तकातील इफ्ताहाची कथा वेगळी आहे. विजय मिळाला तर घरातून जे प्रथम सामोरे येईल ते अर्पण करीन, असा नवस तो बोलतो आणि त्याची एकुलती एक मुलगी डफ वाजवीत बाहेर येते. येथे देवदूत येत नाही, कारण ही मागणी देवाने केलेलीच नव्हती. नवस बापाचा, किंमत मुलीची. या कथेवर आपल्या कुटुंबांनी थोडे थांबून विचार करावा. 'याला बरे कर, मी त्याला सेमिनरीत पाठवीन'. 'पहिली मुलगी झाली तर ती कॉन्व्हेंटला वाहीन' असे नवस श्रद्धेने बोलले जातात. देवाने दिलेले पाचारण आणि आईवडिलांनी बोललेला नवस यांत गल्लत झाली की मूल आयुष्यभर दुसऱ्याचे कर्ज फेडीत राहते. आपल्या इच्छेला देवाची इच्छा असे नाव देण्याचा मोह अगामेम्ननला झाला, तो आपल्यालाही होतो.

युरिपिडीसचे 'हिप्पोलिटस' हे नाटक इसवी सनापूर्वी ४२८ साली झाले. हिप्पोलिटस हा राजपुत्र आर्टेमिसचा एकनिष्ठ भक्त आहे. रानात तिच्या सहवासात राहतो, ब्रह्मचर्य पाळतो. याचा ॲफ्रोडाइटी या प्रेमदेवतेला राग येतो. ती त्याच्या सावत्र आईच्या, फीड्राच्या, मनात त्याच्याविषयी अभिलाषा उत्पन्न करते. लज्जेने फीड्रा आत्महत्या करते आणि मागे खोटा आरोप लिहून ठेवते. राजा थिसियस कसलीही चौकशी न करता मुलाला हद्दपार करून शाप देतो. रथाचे घोडे बुजतात, मुलगा छिन्नविच्छिन्न होऊन मरणासन्न स्थितीत परत आणला जातो. तेव्हा आर्टेमिस प्रकट होते. तिने भक्ताला वाचविले का नाही? कारण एका देवाच्या आड दुसऱ्याने येऊ नये, असा देवांचा रिवाज आहे. ती ॲफ्रोडाइटीच्या एखाद्या लाडक्याचा सूड घेण्याचे वचन देते. अश्रू ढाळण्याची देवांना मुभा नाही, असे ती सांगते. आणि मरण जवळ येताच निघून जाते, कारण मरत्याच्या श्वासाने देवाने विटाळून घ्यायचे नसते. इतक्या दिवसांची संगत तू किती सहज सोडून जातेस, अशा अर्थाचे उद्गार तो मरणारा तरुण काढतो.

त्यानंतर रंगमंचावर देव उरत नाही. उरतात बाप आणि मुलगा. आणि तो मुलगा आपल्या बापाला क्षमा करून, हत्येच्या दोषातून मुक्त करून प्राण सोडतो. ज्या जागेवरून देवी निघून गेली, त्या जागेवर माणसाने देवाला शोभेल असे कृत्य केले. दुसऱ्या शतकातील संत जस्टिन म्हणत की देवाच्या शब्दाची बीजे ख्रिस्तापूर्वीच्या विचारवंतांतही पेरलेली होती. द्वितीय व्हॅटिकन महासभेनेही १९६५ साली इतर धर्मांतील सत्य व पावित्र्य यांचा आदर करायला शिकविले. युरिपिडीसच्या या प्रवेशात ते बीज मला स्पष्ट दिसते. त्याला जणू असे म्हणायचे आहे की असे देव आम्हांला पुरे पडत नाहीत. मरणाच्या वेळी थांबेल असा कोणी हवा आहे.

त्या अपेक्षेचे उत्तर बेथानीत मिळते. लाजराच्या कबरेपाशी येशू रडला. आर्टेमिसला ज्याची मुभा नव्हती ते आपल्या प्रभूने सर्वांदेखत केले. त्याने महारोग्यांना स्पर्श केला, मृत मुलीचा हात हातात घेतला आणि अखेर स्वतः मरणात शिरला. क्रूसावर त्याने बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचा टाहो फोडला, देवाने टाकल्याची वेदना बोलून दाखविली. अँटिगनीही आपल्या मृत्यूकडे जाताना विचारते की देवधर्म पाळल्यामुळेच जर ही गत झाली, तर आता देवांकडे तरी कशाला पाहू? तिचा प्रश्न क्रूसावरून विचारला गेला, हे ज्याला कळले त्याला देवाच्या इच्छेविषयी सैल जिभेने बोलता येणार नाही. १९९२ सालच्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट म्हटले आहे की देव नैतिक दुष्टाईचे कारण, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, कधीच नसतो. तो ती घडू देतो आणि तिच्यातूनही चांगले निर्माण करतो; कसे, ते आपल्याला पुष्कळदा या जन्मी कळत नाही.

मग शोक करणाऱ्यांच्या घरी काय बोलावे? ईयोबाच्या मित्रांकडे पाहावे. ते आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर निमूट बसून राहिले. त्यांनी केलेली सर्वांत चांगली गोष्ट हीच. नंतर त्यांनी तोंडे उघडली, देवाची वकिली केली, ईयोबाच्या दुःखाला कारण जोडून दिले. आणि पुस्तकाच्या शेवटी देवाने ज्यांच्यावर राग धरला ते हेच वकील होते. देवाशी भांडणारा ईयोब मात्र खरे बोलला, असा निवाडा झाला.

म्हणून पुढच्या वेळी अशा घरी जाताना ती तिन्ही वाक्ये दाराबाहेर ठेवून आत जावे. आईचा हात धरून बसावे. ती देवाला बोल लावू लागली तर तिला गप्प करू नये; तीही प्रार्थनाच आहे आणि स्तोत्रसंहितेत तशा प्रार्थना पुष्कळ आहेत. मृत्यूमागे कोणाची हयगय असेल तर ती शोधून काढण्यासाठी त्या कुटुंबाबरोबर कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्यात. तेही सांत्वनच होय. आणि मिस्सा संपल्यावर, नवव्या दिवसानंतर, महिन्याच्या मिस्सेनंतर, माणसांची वर्दळ थांबली की पुन्हा एकदा त्या घरी जावे. निघून जाणारे देव ग्रीकांनी पाहिले होते. आपण ज्याची उपासना करतो तो थांबणारा आहे. आणि तो थांबला आहे हे त्या घराला पुष्कळदा आपल्या थांबण्यावरूनच कळते.